जुन्या भिंतीवर किती ओझे टाकावे? टोरांटोच्या नॉक्स कॉलेजच्या रूपांतराचा गोव्यातून केलेला अभ्यास

गोव्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवताना एक प्रश्न दरवर्षी न चुकता समोर येतो. जुने गोवे आणि तिसवाडी-सासष्टीतल्या गावांत चिऱ्यांच्या एवढ्या भव्य धार्मिक वास्तू उभ्या आहेत, त्यांतल्या काहींचा जेमतेम एखादा भाग वापरात आहे. मग डिझाइनचे महाविद्यालय अशाच एखाद्या वास्तूत का भरवू नये? प्रश्नामागची कळकळ खरी असते, आणि वास्तू रिकामी राहून ढासळण्यापेक्षा नांदती राहिलेली बरी, हे म्हणणेही खरे आहे. परंतु ‘वापरात आणणे’ हा शब्दप्रयोग फार सैल आहे. त्या वास्तूला कोणता वापर झेपेल आणि जो झेपणार नाही तो कुठे ठेवायचा, हे ठरवल्याशिवाय तो तोंडातून काढूच नये, असे माझे मत झाले आहे. हे मत बनण्यामागे एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. ते प्रकरण आहे कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या वास्तुकला, निसर्गरचना आणि डिझाइन या विषयांच्या डॅनियल्स विद्याशाखेचे, आणि त्या विद्याशाखेने ज्या जुन्या धर्मविद्यालयात बिऱ्हाड केले त्या इमारतीचे.

टोरांटोत स्पडायना अॅव्हेन्यू हा एक मोठा रुंद रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम वॉरन बाल्डविन यांनी तो आखला. कॉलेज स्ट्रीटच्या उत्तरेला या रस्त्याच्या ऐन मध्यावर एक वर्तुळाकार जागा सोडलेली आहे, रस्ता तिथे दुभंगतो आणि तिला वळसा घालून पुढे जातो. आजही ट्राम याच वळशाने जातात. याच वर्तुळात प्रेस्बिटेरियन पंथाच्या नॉक्स कॉलेजची इमारत १८७५ साली उभी राहिली. स्मिथ आणि गेमेल या वास्तुविशारदांनी ती गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शैलीत बांधली. मधोमध मनोरा, टोकदार कमानींच्या खिडक्या, फिकट पिवळसर विटांच्या भिंती आणि दक्षिणेकडे, म्हणजे शहराच्या आणि सरोवराच्या दिशेला वळवलेले मुख. आराखडा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा. दोन बाहू मागे, उत्तरेकडे गेलेले, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा.

हा आराखडा नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या मागच्या मोकळ्या जागेची आहे. दक्षिणेकडून रस्त्याने येणाऱ्याला इमारत पूर्ण, सजलेली, ताठ दिसत असे. उत्तरेकडून मात्र ती पाठमोरीच होती. ज्यांनी बांधली त्यांना शहर पुढे उत्तरेकडेही एवढे वाढेल आणि त्या बाजूनेही लोक येतील, याचा विचार करण्याचे कारण नव्हते.

नॉक्स कॉलेज १९१५ साली विद्यापीठाच्या मुख्य परिसरातल्या आपल्या नव्या इमारतीत गेले. त्यानंतर जे घडले ते गोव्यातल्या वाचकाला फार ओळखीचे वाटेल. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय आले. पुढे आकाशातल्या धाडसासाठी जगप्रसिद्ध झालेल्या अमेलिया इअरहार्ट यांनी १९१८ साली त्याच रुग्णालयात परिचारिकांच्या मदतनीस म्हणून काम केले. १९४३ साली कॉनॉट लॅबोरेटरीजने इमारत घेतली आणि युद्धकाळात तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे ती विद्यापीठाच्या ताब्यात आली, तेव्हा तिथे नेत्रपेढी होती आणि विद्यापीठाची इतर किरकोळ कामेही चालत. प्रत्येक भाडेकरूने आपल्या सोयीसाठी भिंती फोडल्या, नळ टाकले, मागच्या मोकळ्या जागेत खोल्या आणि शेड जोडल्या. वास्तू पडली नाही, पण तिचे मागचे अंगण हळूहळू बुजत गेले.

आपल्याकडे जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठाची कथा याच्या अगदी जवळची आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ साली या जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या, मठाचा पाया घातला गेला, १६२७ साली तो पूर्ण झाला, १६३६ साली आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. धार्मिक संघांवर १८३५ साली गोव्यात बंदी आल्यावर नव्या जोगिणी घेणे थांबले, आणि तिथली शेवटची जोगीण १८८५ साली निवर्तली. त्यानंतर मठात काही काळ सैनिकही राहिले. १९६४ पासून तिथे जोगिणींच्या शिक्षणाची मातेर देई ही संस्था आहे. राशोलच्या सेमिनारीत १९९४ साली सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली या मठाच्या चर्चमध्ये हलवले गेले, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली ते पुन्हा खुले झाले. एकाच वास्तूत प्रार्थना, निवास, सैन्य, शिक्षण आणि संग्रह! धर्मवास्तूचे रूपांतर म्हणजे काहीतरी आधुनिक, बाहेरून आलेली कल्पना, असे जे मानतात त्यांनी हा क्रम एकदा ओळीने वाचावा.

टोरांटोच्या प्रकरणाकडे परत येतो. डॅनियल्स विद्याशाखेला जुनी जागा अपुरी पडत होती. वास्तुकलेच्या शाळेला लागणारी जागा ही साध्या महाविद्यालयासारखी नसते. व्याख्यानाच्या खोल्या, ग्रंथालय आणि प्राध्यापकांच्या खोल्या कुठेही बसतात, पण स्टुडिओ बसत नाही. शंभर-दीडशे विद्यार्थी एकाच छपराखाली, मोठ्या टेबलांवर, दिवसाचे बारा-चौदा तास काम करतात, त्यांना सावली न पडणारा समान उजेड लागतो, एकमेकांचे काम दिसावे लागते, आणि मधे खांब आला की टेबलांची मांडणी बिघडते. त्याखेरीज कार्यशाळा: लाकूड, प्लास्टर, लेझरने कापणे, यंत्रांचा हादरा आणि धूळ. मग प्रदर्शनासाठी उंच भिंती, आणि बाहेरच्या लोकांना येता येईल असे सभागृह.

हे सगळे १८७५ सालच्या इमारतीत कोंबायचे ठरवले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न मी वर्गात पहिल्या दिवशीच विचारतो. धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत लांब मार्गिका आणि त्यांना लागून मर्यादित आकाराच्या खोल्या होत्या. भिंती भार वाहणाऱ्या विटांच्या. मोठी खोली हवी म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढली, की तिच्यावरचा भार कुठेतरी उतरवावा लागतो; त्यासाठी पोलादाची तुळई, तुळईसाठी आधार, आधारासाठी नवा पाया. पाच-सहा भिंती काढल्या की बाहेरून जुनी आणि आतून पोकळ अशी एक टरफलासारखी वस्तू उरते. त्याला मी जतन म्हणणार नाही. युरोपात आणि आपल्याकडेही असे बरेच घडले आहे, आणि वर दगडी फलक लावून त्याचे उद्घाटनही झाले आहे.

टोरांटोत तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय त्यांच्या पहिल्या निर्णयाला आहे. बॉस्टनमधील नादेर तेहरानी आणि कॅथरिन फॉकनर यांच्या कार्यालयाकडे रचना सोपवली होती, जतनाचे काम टोरांटोच्या ईआरए आर्किटेक्ट्सकडे होते. त्यांनी मागच्या अंगणात नंतर जोडलेल्या खोल्या काढून टाकल्या, जुन्या इमारतीचा मूळ ‘यू’ मोकळा केला, आणि त्याच्या उत्तरेला, जिथे १८७५ साली वास्तू पाठमोरी राहिली होती, तिथे नवा भाग बांधला. दीड लाख चौरस फुटांच्या आसपास क्षेत्र असलेला हा सगळा परिसर २०१७ साली खुला झाला. जुन्या भागात त्याला शोभणारी आणि झेपणारी कामे गेली: कार्यालये, वर्ग, बैठकीच्या खोल्या. मोठे सभागृह, कार्यशाळा आणि सर्वांत वरचा स्टुडिओ ही जड, पसरट, गोंगाटाची कामे नव्या भागाने अंगावर घेतली.

वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओचे छप्पर हा या प्रकरणाचा सर्वांत गाजलेला भाग आहे. सुमारे ११० फुटांच्या रुंदीत एकही खांब नाही. छपराचे पृष्ठ सपाट नाही, ते लाटेसारखे वर-खाली होते आणि त्या उंचवट्यांच्या फटींतून उत्तरेचा उजेड खाली येतो. टोरांटो उत्तर अक्षांश ४३ अंशांच्या पुढे आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेचा उजेड बहुतेक वेळ शांत, बिनतिरीप असतो, आणि चित्र काढणाऱ्याला तोच हवा असतो. म्हणजे मागची मोकळी बाजू निवडण्यात नुसती सोय नव्हती. स्टुडिओला हवा असलेला प्रकाश आणि इमारतीची अपुरी राहिलेली बाजू या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या. चांगल्या रचनेत असे योगायोग बरेच सापडतात, पण ते शोधावे लागतात.

नव्या आणि जुन्या भागांच्या मधून पूर्व-पश्चिम अशी एक मार्गिका जाते, आणि मला स्वतःला ती त्या छपराहूनही महत्त्वाची वाटते. पूर्वेकडे विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे, पश्चिमेकडे वस्ती. रस्त्याच्या मधोमध, वाहनांच्या वळशात अडकलेल्या बेटावर लोक यायचे कसे, ही या जागेची जुनी अडचण. त्या आडव्या मार्गिकेमुळे इमारतीला दोन नवी दारे मिळाली आणि तिच्यातून चालत आरपार जाता येऊ लागले. त्याच मार्गिकेत एका हाताला जुनी विटांची भिंत आणि दुसऱ्या हाताला नवे काँक्रीट असे दोन काळ समोरासमोर उभे राहतात. कुठे जुने संपले आणि नवे सुरू झाले, याबद्दल पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही.

या सगळ्यावर एक टीका होऊ शकते आणि ती मी विद्यार्थ्यांपुढे मांडतो. उत्तरेकडून येणाऱ्याला आज जे मुख दिसते ते पूर्णपणे नवे आहे. १८७५ सालच्या मनोऱ्याशी त्याचे नाते दुरूनच कळते. काहींना वाटते की जुन्याच्या पाठीशी एवढे ठाम नवे उभे करणे उद्धटपणाचे आहे. मला तसे वाटत नाही. गॉथिक कमानींची नक्कल करून उत्तरेची बाजू पुरी केली असती, तर १८७५ सालच्या गवंड्यांनी जे केले नाही ते त्यांच्या नावावर खपवल्यासारखे झाले असते.

आता हे गोव्यात कसे वाचायचे, यासाठी गेल्या वर्षी आम्ही वर्गासह सांता मोनिकाला गेलो. बरोबर एक निवृत्त गवंडी होते, ज्यांना मुले नुसते मेस्त म्हणतात. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी चिरा आणि चुना हाताळला आहे. त्यांनी मठाच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीला टेकू देणाऱ्या त्या प्रचंड धिऱ्यांपाशी मुलांना थांबवले आणि एका चिऱ्याच्या पायथ्याशी अंगठा घासला. अंगठ्यावर पांढरट भुकटी आली. ‘चाखून बघ,’ असे ते एका मुलीला म्हणाले. तिने जिभेला लावून पाहिली आणि तिचे तोंड खारट झाले. ‘जमिनीतले पाणी चिऱ्यातून वर चढते,’ ते म्हणाले, ‘वर आले की सुकते आणि मीठ मागे ठेवते. भिंतीला घाम यायला वाट ठेवली तर मीठ बाहेर पडते. वाट बंद केली तर ते आत फुगते आणि चिरा आतून फोडते.’

मेस्तांच्या या तीन वाक्यांत गोव्याच्या वास्तुजतनाचा निम्मा अभ्यासक्रम आला. चिरा, ज्याला कोकणात जांभाही म्हणतात, हा लोह आणि अॅल्युमिनियमच्या संयुगांनी भरलेला सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहिला की कठीण होतो. त्याला चुन्याचा गिलावा हवा असतो, कारण चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो आणि पावसाचा मार स्वतःवर घेतो. बॉम जीझस बासिलिकेचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. १५९४ साली बांधकाम सुरू होऊन १६०५ साली प्रतिष्ठापना झालेल्या त्या चर्चचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला, दगडाचा लाल रंग उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात चिऱ्याची झीज होते, आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर अजून वाद आहे. आज गोव्याची ओळख म्हणून ज्याची छायाचित्रे छापली जातात, तो उघडा चिरा म्हणजे मुळात अंगावरचे कातडे सोललेली भिंत आहे.

मी स्वतः यातून एक चूक करून शिकलो आहे. उमेदीच्या वर्षांत तिसवाडीतल्या एका जुन्या पाद्रीनिवासाच्या दुरुस्तीवर माझी देखरेख होती. चुना भिजवून, मळून, मुरवून घ्यायला वेळ नव्हता, पावसाळा तोंडावर होता, आणि ठेकेदाराने सुचवलेला सिमेंटचा गिलावा मी मान्य केला. पहिला पावसाळा उत्तम गेला, भिंत कोरडी दिसली, सगळे खूश झाले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याला हात लावला तर तो ढोलासारखा वाजत होता, आणि एक तुकडा खाली ओढल्यावर त्याच्या मागचा चिरा वाळूसारखा ओघळला. दीडशे वर्षे टिकलेली भिंत तीन वर्षांत अशी झाली, आणि त्या कागदावर सही माझी होती. तेव्हापासून कोणत्याही रूपांतराच्या प्रस्तावात मी आधी गिलाव्याची आणि छपराची पाने उघडतो.

सांता मोनिकाहून परतल्यावर वर्गाला एक कागदी प्रकल्प दिला. प्रत्यक्षात मठावर काही बांधण्याचा विचारही कोणी करू नये. जुन्या गोव्याची चर्चे आणि मठ १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेले, आणि केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, तर त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. म्हणून आम्ही चौकाभोवती दोन मजले असलेला, चिऱ्याचा, कौलारू, गावातला एक कल्पित मठ कागदावर आखला आणि टोरांटोचेच काम त्याला दिले: साठ विद्यार्थ्यांचा स्टुडिओ, कार्यशाळा, ग्रंथालय, सभागृह.

पहिल्या आठवड्यात आलेल्या आराखड्यांपैकी बहुतेकांनी टोरांटोचे उत्तर जसेच्या तसे उचलले होते. तिकडे मागची मोकळी बाजू भरली, म्हणून इथेही मठाच्या चौकावर काचेचे किंवा पॉलिकार्बोनेटचे छप्पर टाकून खाली स्टुडिओ मांडला. चित्रे देखणी होती. मेस्त त्या दिवशी वर्गात आले होते. त्यांनी एका आराखड्यावर बोट ठेवून एवढेच विचारले, ‘जूनमध्ये हे पाणी कुठे जाणार?’

मग आम्ही हिशेब मांडला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक हजार चौरस मीटरच्या छपरावर तेवढ्या पावसाचे सुमारे ३० लाख लिटर पाणी जमते. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि आषाढात तो पडतोच, तर त्या एका दिवसात १ लाख लिटर. टोरांटोत वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून होणारे पाणी ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मठाच्या चौकावर छप्पर टाकले की चारही बाजूंच्या जुन्या कौलांचे पाणी आणि नव्या छपराचे पाणी एकाच पन्हळीत, जुन्या भिंतीच्या डोक्यावर येऊन जमते. पन्हळ एकदा तुंबली, एकच पान अडकले, की सगळे पाणी चिऱ्याच्या पोटात. शिवाय चौक बंद झाला की खालच्या मार्गिकांतली हवा थांबते, आणि ज्या भिंतीला घाम यायला हवा ती आतूनही ओली राहते.

टोरांटोची ‘यू’ उत्तरेला उघडी होती आणि तिथल्या थंडीत ती बाजू बंद करणे हे इमारतीच्या हिताचेच होते. गोव्याचा चौक हा वेगळा प्राणी आहे. आपल्या हिंदू घरांतले राजांगण आठवा: तुळशीचे वृंदावन मध्ये, चारी बाजूंनी सोपा, वरून आकाश. ती जागा रिकामी पडलेली नसते, घराची हवा आणि उजेड तिथूनच येतो. मठाचा चौक तेच काम करतो. म्हणून टोरांटोतून घ्यायचे ते उत्तर नव्हे, त्याआधीचा प्रश्न घ्यायचा: या वास्तूची अपुरी राहिलेली बाजू कोणती, आणि ती वास्तूला न दुखवता कोणते काम उचलेल?

आमच्या कल्पित मठाला अशी बाजू पूर्वेला होती. नैऋत्येचे वारे आणि पाऊस पश्चिमेकडून येतात. जुन्या लोकांनी तिकडच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान ठेवल्या होत्या, काही ठिकाणी शिंपल्यांच्या तावदानांच्या. पूर्वेकडे मात्र उतार होता, तिथे पूर्वी स्वयंपाकघर आणि गोदाम असावे अशा खुणा आम्ही आराखड्यात दाखवल्या होत्या. दुसऱ्या फेरीत नवा भाग सगळ्यांनी तिथे नेला. उजेडाचा हिशेब मात्र पुन्हा करावा लागला. गोवा १५ अंशांच्या थोडा पुढे आहे, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो. टोरांटोत उत्तरेची काच निर्धास्त उघडी ठेवता येते, आपल्याकडे मे महिन्यात तिच्यावर ऊन येते. त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांवरही खोल छज्जे द्यावे लागले, आणि स्टुडिओचे छप्पर लाटेऐवजी साधे, दोन्ही बाजूंना उतरणारे, मंगलोरी कौलांचे झाले. काही मुलांना ते कमी धाडसाचे वाटले. मला वाटले नाही. दरवर्षी मिरगाआधी शाकारणी करताना ज्या छपरावर माणूस चालून जाऊ शकतो, ते छप्पर टिकते.

या प्रकल्पात सर्वाधिक वेळ गेला तो जिन्यांवर, लिफ्टवर आणि प्रसाधनगृहांवर, आणि तो योग्यच गेला. साठ विद्यार्थ्यांची शाळा म्हटली की आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी दुसरा जिना, चाकांच्या खुर्चीसाठी लिफ्ट, आणि पाण्याच्या जोडण्या लागतात. हे सगळे जुन्या भिंतीत घालायचे म्हणजे प्रत्येक मजल्यावर चिऱ्यात भोके पाडायची आणि ओल्या नळांना चिऱ्याच्या शेजारी झोपवायचे. नवा भाग हे सगळे स्वतःत घेऊ शकतो, आणि दोन्ही भागांचे मजले एका पातळीवर आणले की जुन्या वास्तूला तो जिना, ती लिफ्ट आयतीच मिळते. विस्ताराकडे बहुतेक लोक अधिक जागा म्हणून पाहतात. माझ्या मते जुन्या धर्मवास्तूच्या बाबतीत त्याचे पहिले काम हे जुन्याच्या अंगावरचे ओझे उतरवणे आहे, आणि अधिक जागा हा त्याचा दुय्यम लाभ.

आणखी एक भेद मी वर्गात आग्रहाने मांडला. नॉक्स कॉलेज हे प्रामुख्याने धर्मशिक्षणाचे आणि निवासाचे घर होते. तिथे पूर्वी मुले शिकत होती, आताही शिकतात. वापर बदलला तरी वास्तूचा स्वभाव बदलला नाही. गोव्यातल्या मठांत मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटून असतात: एक चर्च, जिथे वेदी आहे, जिथे गावचे लोक आजही मेणबत्ती लावतात, आणि दुसरी निवासाची बाजू, जिथे खोल्या आणि मार्गिका आहेत. निवासाच्या बाजूला शिक्षण नांदू शकते. वेदीच्या जागेत लेझरचे यंत्र ठेवणे कायद्याने चालेल की नाही हा वेगळा विषय आहे. गावच्या लोकांच्या मनाला ते चालणार नाही, आणि त्यांचे मन हेही त्या वास्तूचा भाग आहे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस मठाच्या निवासी भागात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय १९६४ पासून आहे आणि शेजारचे चर्च चर्चसारखेच राहिले आहे, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

वापर थांबला तर काय होते, हे दाखवायला सांता मोनिकाच्या जवळच सेंट ऑगस्टीन मठाचा मनोरा उभा आहे. धार्मिक संघांवरील बंदीनंतर तो मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचे कमानी छत कोसळले, आणि १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला ४६ मीटरांचा चिऱ्याचा सुळका आज पर्यटक पाहतात. मुलांनी तो पाहून विचारले की छप्पर आधी गेले की भिंत आधी. अशा वास्तूत छप्परच आधी जाते, असे मेस्तांनी उत्तर दिले, आणि ते खरे आहे. कौले सरकतात, वासे कुजतात, पाणी भिंतीच्या डोक्यावर येते, वडाचे बी रुजते, आणि मग वीस-तीस वर्षांत भिंत उघडते.

शेवटच्या फेरीत ज्या आराखड्याला वर्गाने सर्वाधिक मान दिला, तो एका कुंभारजुव्याच्या मुलीचा होता. तिने नवा भाग जुन्या भिंतीला टेकवलाच नाही. मध्ये तीन मीटरांचा मोकळा पट्टा सोडला, त्याच्या तळाशी उताराकडे जाणारा उघडा चर काढला, आणि दोन्ही भाग जोडणारा पूल फक्त वरच्या मजल्यावर, तोही हलका, लाकडाचा, जुन्या दारातूनच आत शिरणारा. पट्ट्यात जुन्या बाजूच्या पागोळ्या पडतात, नव्या बाजूच्या पडत नाहीत; नव्या छपराचे पाणी उलट दिशेला नेऊन टाकीत घेतले आहे. मेस्तांनी तिच्या आराखड्यावर पेन्सिलने एक गोष्ट वाढवली: चराच्या कडेला, जुन्या भिंतीच्या पायथ्यापासून हातभर अंतर सोडून, शिडी टेकवता येईल अशी दोन दगडी बैठकी. वर्षातून एकदा कोणीतरी तिथे चढणार आणि पन्हळीतली पाने काढणार, त्याची जागा आधीच आराखड्यात असावी.